झड आणि उघडीप: बेळगाव-निपाणी शिवारातील पावसाळी पक्षी

महाराष्ट्रात आणि सीमाभागात पक्षिनिरीक्षणाचे वेळापत्रक सर्वसाधारणपणे हिवाळ्याभोवती बेतलेले असते. उत्तरेकडून परीट, बदके आणि तुतवार येऊ लागले की दुर्बिणी बाहेर निघतात. ५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्ली यांची आणि १२ नोव्हेंबर ही डॉ. सालिम अली यांची जन्मतारीख साधून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो; फेब्रुवारीत जगभर एकाच वेळी परसदारातील पक्ष्यांची मोजणी होते; आणि मृग नक्षत्र निघाले की यांतील बहुतेक दुर्बिणी पुन्हा कपाटात जातात. परिणामी आपल्या परिसरात कोणते पाहुणे येतात याची माहिती भरपूर जमते, पण या मातीत घरटे बांधून पिले वाढवणारे पक्षी कोणते, ती पिले कधी बाहेर पडतात आणि किती वाचतात, याविषयी हाती फारच थोडे लागते. या प्रश्नांची उत्तरे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच मिळतात, आणि त्यांचा शोध घेण्यासाठी बेळगाव-निपाणी पट्ट्याइतका सोयीचा मुलूख दख्खनमध्ये क्वचितच सापडेल.

या सोयीचे कारण पावसाच्या विलक्षण उतारात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर आपटून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच बहुतेक ओझे टाकतात. त्यामुळे खानापूर तालुक्यातील कणकुंबी, आमगाव, चोर्ला हा भाग कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या टापूंत मोडतो. तिथून पन्नासेक किलोमीटर पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, निपाणीकडे तो आणखी कमी होतो आणि गोकाक-अथणीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरामुळे पाऊस अडल्याने कोरड्या राहिलेल्या भागात, ५०० ते ६०० मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. एका दिवसाच्या प्रवासात सदाहरित जंगल, भातशेती, उसाचा मळा आणि खुरटा माळ अशी चार रूपे ओलांडता येतात, आणि प्रत्येक रूपात पावसाळा या शब्दाला पक्ष्यांच्या लेखी वेगळा अर्थ असतो.

पक्षिनिरीक्षणात ‘पॅच’ हा शब्द आता रूढ झाला आहे. घराजवळचे, पायी फिरता येईल एवढे, सीमा ठरवून घेतलेले आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहिले जाणारे क्षेत्र असा त्याचा अर्थ. इंग्लंडमधील सेलबोर्न या एकाच गावाच्या परिसरावर गिल्बर्ट व्हाइट यांनी लिहिलेले आणि १७८९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या परंपरेचे आद्य उदाहरण मानले जाते. बेळगावात असे क्षेत्र व्हॅक्सिन डेपोची जुनी झाडी असू शकेल, किल्ल्याजवळचा तलाव असू शकेल किंवा वडगाव-येळ्ळूरचे शिवार. निपाणीत जवाहर तलाव किंवा तवंदी घाटाचा उतार. दुर्मीळ पक्षी पाहण्यासाठी दूरवर धाव घेणाऱ्यास अशा रोजच्या जागेत गोडी वाटत नाही हे खरे. परंतु एखादा पक्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात गात होता, जुलैत चोचीत काडी घेऊन दिसला आणि ऑगस्टमध्ये त्याच कुंपणावर आखूड शेपटीची पिले बसली, ही साखळी तीच जागा वारंवार पाहणाऱ्याच्याच हाती लागते.

पाऊस पडत असताना पक्षी काय करतात, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पिसाच्या मधल्या दांड्यापासून निघणारे तंतू आणि त्या तंतूंचे बारीक उपतंतू एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात. या घट्ट विणीत हवा कोंडून राहते आणि पाण्याचा थेंब आत न शिरता ओघळून जातो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतील स्निग्ध द्रव पक्षी चोचीने पिसांना चोळतो तो मुख्यतः ही वीण लवचीक राहावी म्हणून. भुरभुर पावसात त्यामुळे बुलबुल, शिंपी, वटवटे यांचे व्यवहार फारसे अडत नाहीत. मोठी सर आली की मात्र पक्षी मान उंचावून, पिसे अंगाशी चापून जवळपास उभा बसतो, जेणेकरून पावसाला कमीत कमी अंग मिळावे. खरा धोका एका सरीचा नसून दोन-तीन दिवस न उघडणाऱ्या झडीचा असतो, कारण हवेतले किडे उडेनासे होतात आणि पाकोळ्यांसारख्या उडता उडता खाणाऱ्या पक्ष्यांची उपासमार होते. अशा झडीनंतरची पहिली उघडीप ही निरीक्षकाची सर्वांत मोलाची वेळ होय. वारुळांतून पंख फुटलेली वाळवी उसळते, विजेच्या तारेवरचे कोतवाल आणि वेडे राघू तिच्यावर तुटून पडतात, वर पाकोळ्या घिरट्या घालतात आणि एरवी उकिरड्यावर रमणारे कावळेसुद्धा हवेतल्या हवेत वाळवी टिपण्याची कसरत करतात.

बेळगाव शहराच्या दक्षिणेस शहापूर, वडगाव, अनगोळ आणि येळ्ळूर यांच्या शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो आणि जवळपास दर पावसाळ्यात काठची भातशेती बुडवतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही आपत्ती असली तरी तुंबलेल्या पाण्यात आणि बांधांवर पाणपक्ष्यांची वसाहत उभी राहते. एरवी पांढरेफेक असणारे गायबगळे या काळात डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी झाक घेऊन वावरतात, तर मातकट रंगामुळे सहसा लक्षात न येणाऱ्या वंचकाच्या पाठीवर गर्द तपकिरी-लाल पिसे येतात. विणीच्या हंगामापुरत्या धारण केलेल्या या वेषाला प्रजननकालीन पिसारा म्हणतात. लाजरी पाणकोंबडी या दिवसांत नावाला जागत नाही, कारण तिचा कर्कश गलबला रात्रीसुद्धा थांबत नाही. या शिवारातील सर्वांत नवलाचा रहिवासी मात्र रंगीत पाणलावा हा आहे. या पक्ष्यात मादी आकाराने मोठी आणि रंगाने उजळ असते, संधिकाळी तीच साद घालते, एकामागून एक नरांशी जोडी जमवते आणि प्रत्येकाच्या हवाली अंडी करून पुढे जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे ही कामे फिकट रंगाचा नर एकटा करतो. मादीच्या या बहुपतित्वाची बहुतेक वाचकांना कल्पना नसते, आणि ते पाहायला दूरच्या अभयारण्यात जावे लागत नाही, येळ्ळूरच्या बांधावर सूर्यास्ताच्या सुमारास थांबण्याची तयारी पुरते. याच सुपीक जमिनीतून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला. रस्ता झाल्यावर बांधावरच्या या पक्ष्यांचे काय झाले हे सांगायला आधीच्या पावसाळ्यांची नोंदच हवी. ती नसेल तर नुकसान झाले असे म्हणण्यास किंवा नाही असे म्हणण्यास कोणताच आधार उरत नाही.

निपाणीकडे दृश्य पालटते. एकेकाळी तंबाखूची पेठ म्हणून नावारूपाला आलेल्या या परिसरात ऊस आणि सोयाबीन यांनी मोठी जागा व्यापली आहे. तंबाखूची लावण पावसाळ्याच्या उत्तरार्धात होत असल्यामुळे जून-जुलैत ती जमीन नांगरून मोकळी राहते आणि अशा उघड्या जमिनीवर टिटवी आणि चंडोलवर्गीय पक्षी वावरतात. उसाचे तसे नाही, तो बारमाही आणि दाट. तरीही उसाने एका पक्ष्याला बांधकामाचे साहित्य मुबलक पुरवले आहे, तो म्हणजे सुगरण. मराठी घरात सुगरण हा शब्द गृहिणीच्या कौतुकाला वापरला जात असला तरी घरटे विणण्याचे काम सर्वस्वी नर करतो. उसाच्या पानाच्या कडेला तो चोचीने एक खाच पाडतो, खाचेतून सुटलेली कड चोचीत धरून उडतो आणि त्याच्या उडण्याच्या जोरानेच पानाची लांब, अरुंद पट्टी सोलून निघते. अशा शेकडो पट्ट्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांदीला गुंडाळून आणि गाठवून तो आधी एक कडे तयार करतो आणि मग त्याला उलट्या टोपासारखा घुमट चढवतो. या अर्धवट अवस्थेत काम थांबते, नर पंख फडफडवून गलका करतो आणि माद्या येऊन घरट्याची तपासणी करतात. मादीने पसंती दिली तरच अंड्यांची खोली बंद होते आणि खाली लोंबणारी प्रवेशनळी विणली जाते. पसंत न पडलेले टोप तसेच लटकत राहतात आणि वाऱ्यावर वाळून तपकिरी होतात. एका झाडावरील पूर्ण घरटी आणि सोडून दिलेले टोप वेगवेगळे मोजले तर त्या वसाहतीचा हंगाम कसा गेला याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी साध्या डोळ्यांखेरीज कोणतेही साधन लागत नाही. मादी अंड्यांवर बसली की नर त्याच फांदीवर दुसरे कडे विणायला घेतो. सालिम अली यांनी कोकणातील किहीम येथे सुगरणीच्या या रिवाजाचा अभ्यास करून १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो मांडला, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या कीर्तीचा पाया तिथे घातला गेला असे मानण्यास हरकत नाही. घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेकडील अंगाला, म्हणजे मोसमी वाऱ्याच्या आडोशाला असतात. निपाणीच्या पश्चिमेला आणि पूर्वेला हा कल सारखाच तीव्र आहे का, हे स्थानिक निरीक्षकांनी तपासण्याजोगे आहे.

सुगरणीचा हंगाम पावसाशी का जुळतो याचे उत्तर अन्नात आहे. मोठेपणी दाणे खाणारा हा पक्षी पिलांना मात्र आरंभी किडे-अळ्याच भरवतो, कारण वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने दाण्यातून पुरेशी मिळत नाहीत. पहिल्या पावसानंतर कोवळ्या पाल्यावर अळ्यांचा सुकाळ होतो, त्यापाठोपाठ बेडूक आणि मासोळ्या वाढतात आणि श्रावण-भाद्रपदात गवताला दाणा धरतो. राखी वटवट्यासारखे कीटकभक्षी पक्षी आधी, बगळ्यांची सारंगागारे, म्हणजे एकाच झाडावरील सामूहिक वसाहती, मध्ये आणि मुनिया शेवटी, असा विणीचा क्रम साधारणपणे याच अन्नक्रमावर बसतो. उलट घार आणि गरुडवर्गीय शिकारी पक्षी आपली वीण कोरड्या महिन्यांत उरकतात, कारण तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगत शिकार शोधणे पावसाळ्यात शक्य होत नाही.

पावसाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे तो चातक. काळी पाठ, पांढरे पोट आणि डोक्यावर टोकदार तुरा असलेला हा कोकीळ कुळातील पक्षी केवळ पावसाचे थेंब पिऊन जगतो ही कविकल्पना सर्वांस ठाऊक आहे. वस्तुतः तो केसाळ सुरवंटांवर जगतो, आणि त्याचा पावसाशी असलेला संबंध कल्पनेपेक्षा अधिक रंजक आहे. दक्षिण भारतात चातकाची एक लहान चणीची स्थानिक उपजात वर्षभर आढळते, तर उत्तर आणि मध्य भारतात येणारे मोठ्या चणीचे चातक मोसमी वाऱ्यांच्या साथीने अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतात. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० साली उत्तराखंडात दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसवून त्यांच्या प्रवासाचा माग घेतला. निपाणीच्या माळावर जूनमध्ये ओरडणारा चातक या दोहोंपैकी कोणता, हे लांबून पाहून ठरवणे कठीण. परंतु दरवर्षी तो पहिल्यांदा कोणत्या तारखेला ऐकू आला आणि शेवटचा कधी दिसला, एवढे दोन आकडे लिहून ठेवले तरी कालांतराने उत्तराच्या जवळ जाता येईल.

चातक स्वतः घरटे बांधत नाही. बाभळीत किंवा निवडुंगाच्या कुंपणात घोळक्याने राहणाऱ्या सातभाईंच्या घरट्यात मादी आपले निळसर अंडे घालते. सातभाईंची अंडीही निळी असल्याने ते खपून जाते. या उसनवारीला पिलू-परजीविता म्हणतात, आणि ‘पेरते व्हा’ या हाकेमुळे शेतकऱ्याच्या ओळखीचा झालेला पावशाही हीच वाट चोखाळतो. ऑगस्टअखेर कुंपणाशी थांबले तर मातकट रंगाचे चार-पाच सातभाई किलबिलाट करत सरकत असलेले आणि त्यांच्यामागून काळा-पांढरा, तुरा फुटू लागलेला एक दांडगा पोरगा पंख थरथरवत खाणे मागत असलेला दिसतो. सातभाई त्याला आळीपाळीने भरवतात आणि धोका जाणवला की स्वतःच्या पिलासारखेच त्याच्याभोवती कोंडाळे करतात. चातकाच्या विणीचा यापेक्षा भक्कम पुरावा नाही.

पश्चिमेस जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात पावसाळी निरीक्षण कानांवर अधिक चालते. कड्याच्या कपारीत, धबधब्याच्या तुषारांत घरटे करणारा शीळकरी कस्तूर पहाटे एखाद्या माणसाने विचार करत शीळ घालावी तसा गातो; ओढ्याकाठच्या मातीत बोगदा खणणारा तिबोटी खंड्या हिरव्या अंधारात एखाद्या ठिणगीइतकाच काळ दिसतो. २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य याच भागात आहे, परंतु पावसाळ्यात जंगलातील वाटा बंद असतात आणि जळवांचा उपद्रव असतो, म्हणून रस्त्याकडेच्या ओढ्यापाशी थांबून ऐकणे हेच शहाणपणाचे.

पावसाळी निरीक्षणाला या भागात जुनी परंपरा आहे, फक्त तिचा विसर पडला आहे. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना तिथल्या छावणीत नेमणुकीस असलेले कॅप्टन ई. ए. बटलर यांनी १८७९-८० च्या सुमारास येथील पक्षी आणि घरटी यांच्या तारीखवार नोंदी केल्या आणि मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील पक्ष्यांची सूची ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या नवव्या खंडात छापली; ह्यूम यांच्या घरटी आणि अंडी या विषयावरील ग्रंथातही बेळगावच्या नोंदी जागोजाग भेटतात. पुढे वॉल्टर कोल्झ यांनी लोंढा परिसरातील पक्ष्यांवर १९४२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. बटलर यांच्या काळी अंडी गोळा करणे हाच अभ्यासाचा मार्ग होता. आज वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये तो गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी लिहिलेली घरट्याची जागा, झाड आणि तारीख यांची तुलना करण्यासाठी आजच्या तशाच नोंदी हव्यात, आणि नेमक्या त्याच विरळ आहेत.

ग्रामीण भागात पक्ष्यांवरून पावसाचे भाकीत करण्याची रीतही आहे. कावळ्याने कोणत्या झाडावर घरटे केले, टिटवीने अंडी ओढ्याच्या पात्रात घातली की उंचवट्यावर, यांवरून पाऊसमानाचे आडाखे बांधले जातात, आणि चितमपल्ली यांच्या लेखनामुळे असे अनेक ठोकताळे मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. ते हसण्यावारी नेणे जितके चूक, तितकेच दर जूनमध्ये पुरावा असल्याप्रमाणे छापणे चूक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळच्या वेदगंगा नदीला असा पूर आला की यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद ठेवावा लागला; त्या दोन वर्षी काठच्या टिटव्यांनी अंडी कोठे घातली होती हे कोणी लिहून ठेवले असते, तर हा ठोकताळा निदान दोनदा पारखून घेता आला असता.

साधनांची बाब थोडक्यात सांगण्याजोगी आहे. आठपट मोठे दाखवणारी, आत नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण मिळाली तर उत्तम. साधी असेल तर घरी आल्यावर पुसून कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, अन्यथा भिंगांवर बुरशी चढते. शाईपेक्षा पेन्सिलीने लिहिलेली टिपणे पावसात टिकतात. रेनकोटाच्या सळसळीत पक्ष्यांचे आवाज बुडतात, म्हणून छत्री बरी, आणि छत्रीहून एसटीच्या थांब्याची शेड किंवा मळ्यातले खोपट बरे. घरट्यापासून दूर राहणे, फांद्या न वाकवणे आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला न बोलावणे ही पथ्ये या हंगामात कडक पाळावी लागतात, कारण पावसात मादी काही मिनिटे उठली तरी अंडी गारठतात.

सीमाभागात एक व्यावहारिक अडचण आणखी उरते. पक्ष्यांच्या नोंदी जिल्हावार आणि राज्यवार साठवल्या जातात, त्यामुळे निपाणीतल्या विहिरीवरची सुगरण बेळगाव जिल्ह्याच्या खात्यात पडते आणि लगतच्या अर्जुननगरमधील देवचंद महाविद्यालयाच्या आवारातील तिचीच शेजारीण कोल्हापूरच्या. ई-बर्डसारख्या खुल्या संचात नोंदीचे नेमके ठिकाण नकाशावर दाखवता येत असल्याने दोन्ही बाजूंच्या नोंदी पुढे एकत्र करता येतात. मात्र त्यासाठी त्या आधी कोणीतरी केलेल्या असाव्या लागतात. या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालयांच्या निसर्गमंडळांनी आपल्या आवाराजवळचे एकच शिवार निवडून मृगापासून हस्तापर्यंत दर आठवड्याला पंधरा मिनिटांची यादी करावी, यादीत पिले आणि घरटी यांचा वेगळा रकाना ठेवावा आणि ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवसाची नोंदही तारखेसह सोडू नये.